संकेतांक 95

दत्तात्रेयाचा दिनक्रम दत्तभक्तांना तोंडपाठ असतो: स्नान काशीला, भिक्षा कोल्हापुरात, निद्रा माहूरगडावर. देवाचा दिवस कुठे आणि कशात जातो हे पिढ्यानपिढ्या सांगणाऱ्या माहूर गावात, रेणुकामातेच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्या माणसाचा दिवस सरकारदरबारी कसा नोंदला जात असेल? माणसांचा वेळ मोजणाऱ्या तक्त्यांचे मला फार जुने वेड आहे. हा प्रश्न त्यातूनच आला.

या शास्त्राचा इतिहास थोडक्यात असा. हंगेरीचे समाजशास्त्रज्ञ अलेक्झांडर सलाई यांनी 1965 मध्ये 12 देशांत अशी मोजणी उभी केली. आपल्याकडे 1998-99 मध्ये सहा राज्यांत पहिली चाचणी झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. संपूर्ण देशाची वेळ-वापर पाहणी 2019 मध्ये झाली, 1,38,799 कुटुंबांत. दुसरी 2024 मध्ये. घरकाम करणारी बाई त्यात रोज सरासरी 289 मिनिटे घालवते आणि घरकाम करणारा पुरुष 88, हा दुसऱ्या पाहणीचा निष्कर्ष वर्तमानपत्रांत गाजला आणि गाजायलाच हवा होता.

मी मात्र अडकलो तो प्रश्नावलीत. आदल्या दिवशी पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा दिवस, अर्ध्या-अर्ध्या तासाचे 48 रकाने. प्रत्येकात काय केले त्याचा तीन आकडी संकेतांक. पण या दैनंदिनीच्या आधी प्रत्येक सदस्याची एक ओळ असते. त्यात ‘नेहमीचे मुख्य काम’ या रकान्यात 95 हा आकडा पडला, तर त्याचा अर्थ: अपंगत्वामुळे काम करण्यास असमर्थ. आता दैनंदिनीचे वर्गीकरण उघडा. तिथे 95 हा विभाग आहे विचारात, विसाव्यात, नुसते पडून राहण्यात गेलेल्या वेळेचा. दोन वेगळ्या याद्या, आकडा योगायोगाने एकच. पण अपंग माणसाविषयी समाजाची जी समजूत आहे, ती या योगायोगात नेमकी उतरली आहे.

आणि ही समजूत त्याच कागदावर खोटी ठरू शकते. समजा, पायऱ्यांलगतच्या एखाद्या दुकानामागच्या घरात पाय गेलेला माणूस आहे. सकाळी तो डाळ निवडतो, नातवंड सांभाळतो, दुपारी भावाच्या दुकानासाठी खलबत्त्यात तांबूल कुटतो. पहिल्या ओळीत तो असमर्थ, तर खालच्या 48 रकान्यांत स्वयंपाक, संगोपन आणि धंदा. उलट पाणी आणून देणाऱ्याची वाट पाहत काढलेला अर्धा तास विश्रांतीत जमा होण्याची शक्यता मोठी. त्याला आंघोळ घातली जाते तेव्हा घालणाऱ्याचा वेळ ‘अवलंबित प्रौढांची काळजी’ या सदरात आणि त्याचा ‘इतरांकडून काळजी घेतली जाणे’ या सदरात. एकाच प्रसंगाच्या या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी नांदेडला जावे लागले तर सव्वाशे किलोमीटरचा प्रवास, आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. एसटीच्या तिकिटात 75 टक्के सवलत मिळते, वेळेत मिळत नाही.

असमर्थता शरीरात किती आणि व्यवस्थेत किती, याचे उत्तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या आयुष्यात आहे. सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्या वेळी कोणी त्यांच्या नावापुढे 95 लिहिले असते तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मान डोलावली असती. पुढे त्यांनी केंद्रीय उत्पादन शुल्क विभागात नोकरी केली, 1984 मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली, ‘चाकाची खुर्ची’ लिहिले. शरीर तेच राहिले, बदलले ते भोवतीचे. माहूरला किंवा किनवटच्या तांड्यावर ते भोवतालचे कितीसे बदलले आहे?

2018 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील 2.2 टक्के लोक अपंग आढळले, आणि त्यांतल्या पंधरा वर्षांवरील व्यक्तींपैकी श्रमबाजारात होत्या फक्त 23.8 टक्के. उरलेल्यांचा दिवस रिकामा असतो, असे धरूनच आपण योजना आखतो. अमेरिकेच्या वेळ-पाहणीत 2008 पासून अपंगत्वाविषयीचे सहा प्रश्न जोडले गेले, म्हणून तिथे हा दिवस वेगळा काढून वाचता येतो. आपल्याकडेही असे प्रश्न वेळ-पाहणीचा कायमचा भाग झाले पाहिजेत आणि अपंग व्यक्तींच्या वेळेचे तक्ते स्वतंत्रपणे छापले गेले पाहिजेत. महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापला आहे. ही मागणी दिल्लीकडे त्यानेच लावून धरावी.

तोवर थांबायचे कारण नाही. दोन्ही पाहण्यांची मूळ आकडेवारी अभ्यासकांना मोफत मिळते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: त्यातून 95 क्रमांकाची माणसे बाजूला काढा आणि त्यांचे 48 रकाने वाचा. नमुना तालुक्यापर्यंत पुरणार नाही, म्हणून माहूर आणि किनवटमध्ये स्वतः दैनंदिनी घ्या. प्रश्न घरच्यांना विचारू नका, ज्याचा दिवस आहे त्यालाच विचारा.