खाऱ्या हवेतलं काँक्रीट आणि झोतभट्टीची मळी

चेन्नईचं जॉर्ज टाउन बंदराला खेटून आहे. अशा खाऱ्या हवेत क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपतं, आतली सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. यावर चांगला उपाय पोलाद कारखान्यातून येतो, तो म्हणजे स्लॅग, म्हणजेच झोतभट्टीची मळी.

झोतभट्टीत एक टन लोखंडामागे साधारण 300 ते 400 किलो मळी निघते. तापलेल्या या रसावर पाण्याचे जोरदार फवारे मारले की तो झटक्यात थिजतो आणि काचेसारखी वाळू बनते. मळी हळूहळू थंड होऊ दिली तर नुसती खडी मिळते. खरी किमया त्या झटक्यात आहे. ही वाळू बारीक दळून सिमेंटमध्ये मिसळतात. आयएस 455 प्रमाणे स्लॅग सिमेंटमध्ये तिचं प्रमाण 25 ते 70 टक्के असतं. रायगडच्या डोलवीत पोलाद आणि स्लॅग सिमेंट शेजारीशेजारी तयार होतात.

स्लॅग सिमेंटच्या काँक्रीटची छिद्रं बारीक असल्याने क्षार सहजी आत शिरत नाहीत. क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ घटक, कमी लागल्याने कार्बन डायऑक्साइडही घटतो. मात्र सुरुवातीची ताकद सावकाश येते. म्हणून सेंट्रिंग काढायची घाई नको, आणि पाणी मारण्यात तर मुळीच कंजुषी नको.