मोटारीच्या पाटीवरील अक्षरे

विहिरीवरील विजेच्या मोटारीला धातूची एक लहानशी पाटी असते. तीवरील अक्षरांकडे सहसा कोणी पाहत नाही. मोटार जळाल्यावर मात्र वाइंडिंग करणारा कारागीर प्रथम तीच वाचतो. ती आधी वाचली असती तर पुष्कळदा हा खर्च वाचला असता.

पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार उदाहरणादाखल घ्यावी. तिच्या पाटीवर ‘३.७ के.डब्ल्यू., ४१५ व्ही., ७.५ ए.’ अशासारखे आकडे असतात. के.डब्ल्यू. म्हणजे किलोवॅट, हे शक्तीचे एकक, व्ही. म्हणजे व्होल्ट, हे दाबाचे, आणि ए. म्हणजे अँपिअर, हे प्रवाहाचे. सूत्रात मात्र प्रवाह ‘आय’ या अक्षराने दाखवितात. प्रवाहाच्या तीव्रतेसाठी योजलेल्या फ्रेंच शब्दाचे ते आद्याक्षर होय. त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ उडतो, यात नवल नाही.

सूत्र असे आहे: शक्ती (वॅटमध्ये) = १.७३ × व्ही × आय × शक्तिगुणक × कार्यक्षमता. १.७३ हे तिनाचे वर्गमूळ असून ते तीन फेजमुळे येते. शक्तिगुणक पाटीवर ‘पी.एफ.’ किंवा ‘कॉस फाय’ असा लिहितात. मोटारीतील चुंबकक्षेत्र उभे करण्यापुरता जो प्रवाह लागतो तो प्रत्यक्ष काम करीत नाही. म्हणून हा गुणक एकाहून कमी असतो. पाटीवरील ३.७ किलोवॅट ही मोटारीच्या दांड्यावर मिळणारी शक्ती होय. कार्यक्षमता ८५ टक्के असल्यास पूर्ण भारावर मोटार सुमारे ४.३५ किलोवॅट वीज ओढते, म्हणजे तासाला तितकीच युनिटे खर्ची पडतात.

आता दाब ४१५ वरून ३२० व्होल्टवर उतरला असे समजावे. पंपाला पाणी तितकेच उचलावयाचे असल्याने शक्तीची मागणी फारशी घटत नाही. सूत्रातील ‘व्ही’ कमी झाला की ‘आय’ वाढलाच पाहिजे, तो ७.५ वरून सुमारे ९.७ अँपिअरवर जातो. वेटोळ्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती जवळजवळ १.७ पट होते. वेटोळ्यांवरील आवरण हा ताप फार वेळ सोसू शकत नाही. दाब कमी असताना ‘पाणी तर येते आहे’ म्हणून पंप चालू ठेवणे महागात पडते ते यामुळेच.

यावर रक्षण स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले करतो. साध्या स्टार्टरमध्ये तो पाटीवरील अँपिअरच्या आकड्यावर लावावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वेटोळ्याच्या मार्गात असतो. तेथे त्या आकड्यास १.७३ ने भागावे. रिले वारंवार तुटतो म्हणून तो वरच्या आकड्यावर सरकविणे, किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे, हा प्रघात सर्वथा सोडावा.

कपॅसिटरविषयीही एक गैरसमज आढळतो. तो बसविल्याने शक्तिगुणक सुधारतो, तारांतील प्रवाह घटतो आणि रोहित्रावरील भार हलका होऊन दाबही काहीसा सावरतो. एकाच रोहित्रावरील सर्वांनी तो बसविला तर लाभ विशेष. मात्र दाब तितकाच राहिल्यास मोटारीच्या वेटोळ्यांतील प्रवाह त्याने कमी होत नाही. कपॅसिटर आहे म्हणून कमी दाबावर मोटार चालवू नये.