पेसमेकर बसवलाय? मग तपासायलाही या

पेसमेकर बसवलेला पेशंट घरी निघाला की मी बजावते, तीन महिन्यांनी तपासणीला यायचंच. पुष्कळजण येत नाहीत. ‘चक्कर थांबली, आता कशाला?’ म्हणतात. मी डिव्हाइस क्लिनिकमध्ये टेक्निशियन आहे, आणि त्या ‘कशाला’चं उत्तर मला पोटतिडकीने द्यायचं आहे.

पेसमेकरच्या वायरचं टोक हृदयाच्या आतल्या भिंतीत रुतवलं की तिथे सुरुवातीला सूज येते. ठोका पडायला जास्त व्होल्टेज लागू शकतं, म्हणून ते मुद्दाम चढं ठेवतात, बहुधा साडेतीन व्होल्ट. सूज ओसरली की पुष्कळदा एका व्होल्टच्या आत काम भागतं. काही नवी मशिनं हे आपलं आपण ओळखतात. बाकीच्यांना आम्हालाच सांगावं लागतं. नाही सांगितलं तर बॅटरी वर्षानुवर्षं उगाच जळते. ती टायटॅनियमच्या डबीत सीलबंद असते, घड्याळाच्या सेलसारखी बदलता येत नाही. संपत आली की पुन्हा छेद घेऊन अख्खी डबीच बदलायची.

परवा सांगोल्याकडच्या एक मावशी आल्या. डाव्या खांद्याखाली, मशिनीच्या उंचवट्यावर मी प्रोग्रामरचा, म्हणजे पेसमेकर वाचणाऱ्या यंत्राचा, वँड ठेवला आणि त्यांचे ठोके स्क्रीनवर उमटले. मशीनच्या झटक्याची एक बारीक उभी रेघ, तिच्यामागे रुंद ठोका. ‘मावशी, क्षणभर कसंतरी होईल, घाबरू नका.’ मग व्होल्टेज उतरवत गेले: दीड व्होल्ट, सव्वा, एक, पाऊण. प्रत्येक रेघेमागे ठोका येत होता. अर्ध्यावर रेघ एकटीच उमटली. मी तत्काळ चाचणी थांबवली, ठोके परतले. ‘आत काहीतरी थांबलं गं,’ मावशी म्हणाल्या. म्हणजे त्यांना पाऊण व्होल्ट पुरतं. त्याच्या दुपटीहून थोडं वर, दोन व्होल्टवर मशीन लावलं.

वायरचा रोधही पाहिला. तो एकदम चढला तर वायर तुटल्याची शंका, एकदम घसरला तर वरचं आवरण फाटल्याची. मग मशिनीतली नोंद उघडली. हृदयाच्या वरच्या कप्प्याची अनियमित, वेगवान धडधड मधूनमधून झाली होती. मावशींना पत्ताच नव्हता! अशा धडधडीत रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, म्हणून त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. ही एक नोंद दिसावी एवढ्यासाठीसुद्धा तपासणीला यावं, असं मला वाटतं.

स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना 1958 साली शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर काही तासच चालला. पण मशिनं बदलत बदलत ते 2001पर्यंत जगले. मशीन बसवणं ही सुरुवात असते, हे त्यांच्याइतकं कुणी दाखवलं नसेल.

पहिल्या तपासणीनंतर साधारण वर्षातून एकदा आणि बॅटरी उतरू लागली की डॉक्टर सांगतील तसं लवकर या. येताना पेसमेकरचं कार्ड आणा. एका कंपनीचा प्रोग्रामर दुसऱ्या कंपनीचं मशीन वाचत नाही, आणि कार्ड नसलं की मशीन कुणाचं हे शोधण्यातच वेळ जातो. कार्डाचा फोटो मुलांच्या मोबाइलमध्येही असू द्या.