नॅशनल परमिट म्हणजे कुठेही भाडं नव्हे

साखरखेर्ड्याहून सोयाबीन भरलेला ट्रक चिखली, मलकापूर, बऱ्हाणपूर करत इंदूरला जातो. त्यासाठी राष्ट्रीय परवाना (नॅशनल परमिट, इतर राज्यांत मालवाहतुकीची मुभा) लागतो. वर्षाचे १६,५०० रुपये एकत्रित शुल्क भरले की देशभर कुठलेही भाडे मारता येते, असा समज सर्रास आहे. समज चुकीचा असला तरी नावच तसे आहे, त्यामुळे दोष कोणाला द्यावा?

शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाट मिळाली, तर आपली बैलगाडी नेता येते. त्याच्या रानात पेरणी करता येत नाही. नॅशनल परमिटचेही तसेच. इंदूरला माल उतरवून परतीचा माल महाराष्ट्रासाठी भरता येतो. पण इंदूरला भरून बऱ्हाणपूरला उतरवणे नियमबाह्य, कारण दोन्ही ठिकाणे मध्य प्रदेशातली. स्वतःच्या राज्यात मात्र ही अडचण नाही.

परवान्याहून ई-वे बिल (माल नेण्याचे ऑनलाइन कागदपत्र) वेगळे. ते गाडीचे नसून मालाचे. साधारणपणे ५० हजारांवरच्या मालाला लागते आणि दर २०० किलोमीटरला एक दिवस चालते.

परतीचे भाडे ठरवताना दराआधी माल उतरवायचे गाव विचारा.