सहकाऱ्यांची खाद्यफेरी : वाटाड्या नको, नियोजन हवे!

रोहा, प्रतिनिधी

एकाच कारखान्यात दहा-दहा वर्षे काम करणाऱ्या माणसांना परस्परांच्या घरचा स्वयंपाक ठाऊक असतोच असे नाही. कुंडलिकेच्या काठच्या वरसे परिसराची वस्ती रोहा शहर आणि धाटाव औद्योगिक वसाहतीच्या आधाराने वाढली. येथे घाटावरचा फिटर, स्थानिक आगरी तरुण, परप्रांतीय अभियंता आणि कंत्राटी कामगार एकाच पाळीत काम करतात. पण जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाचा डबा वेगळा आणि बहुधा टेबलही वेगळे. एका सुट्टीच्या दिवशी तीन-चार ठिकाणी थोडेथोडे खात हिंडण्याची 'खाद्यफेरी' हे अंतर कमी करण्याचा सोपा उपाय ठरू शकते.

मोठ्या शहरांत अशा फेऱ्या आयोजित करणाऱ्या व्यावसायिक संस्था आहेत. त्या ठरावीक शुल्क घेतात आणि सोबत माहीतगार वाटाड्या देतात. रोहा, पेणसारख्या ठिकाणी मात्र त्याची गरज नाही. गटातील स्थानिक सहकारी हाच उत्तम वाटाड्या. प्रश्न असतो तो नियोजनाचा. ते नसेल तर पहिल्याच हॉटेलात सर्वांची पोटे भरतात आणि फेरीचे रूपांतर साध्या पार्टीत होते.

चार थांबे पुरेत

आठ जणांचा गट आणि चार थांबे हे प्रमाण सोयीचे. त्याहून मोठ्या गटाला लहान खाणावळीत एकत्र बसायला जागा मिळत नाही. पहिल्या तीन थांब्यांवर आठ जणांत चारच प्लेट मागवाव्यात. अर्धी मिसळ किंवा एखादा वडा खाऊन उठणे जिवावर येते खरे. पण फेरीचे सारे गणित त्या अर्ध्या प्लेटवरच अवलंबून असते. सकाळी मिसळ किंवा वडा, त्यानंतर घावन किंवा चहा-खारी, दुपारी मासळीची अथवा शाकाहारी थाळी आणि शेवटी गोड, असा हलक्याकडून जडाकडे जाणारा क्रम ठेवावा. लहान खाणावळींत ताजा स्वयंपाक दुपारी लवकर संपतो, म्हणून जेवणाचा थांबा आधी दूरध्वनी करून पक्का करावा.

दिवा-रोहा मार्गावरील गाड्या नागोठणे आणि पेण येथे थांबत असल्या, तरी त्यांच्या फेऱ्या मोजक्या आहेत. फेरी पेणपर्यंत न्यायची असल्यास परतीच्या गाडीची वेळ आधी पाहावी आणि मग थांबे ठरवावेत.

ऋतू पाहून थाळी

रायगडची चव ऋतूप्रमाणे बदलते. जून आणि जुलैमध्ये यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात ताज्या पापलेटचा हट्ट धरण्यापेक्षा सोडे, सुकट किंवा सुक्या बोंबलाचे कालवण मागावे. पेणच्या खारपट्ट्यातील जिताडा प्रसिद्ध असला तरी तो महाग आणि बहुधा वजनावर मिळतो. त्याचा भाव ऑर्डर देण्यापूर्वीच विचारावा. हिवाळ्यात वालाच्या शेंगा येतात आणि पोपटीचे दिवस सुरू होतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी रचतात, मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पोपटी हा मुळात शेतावरचा बेत असल्याने हॉटेलात ती मिळेलच याचा भरवसा नाही. वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी हा शाकाहारी सहकाऱ्यांसाठी अस्सल पर्याय आहे. परतताना पेणचे पोह्याचे पापड घेतले की घरच्यांचाही वाटा निघतो.

ताटाबरोबर बिलही

अशा बेतांत खरी अडचण पैशांची येते. सर्वांकडून समान वर्गणी घेणे न्याय्य वाटते. परंतु कायम अभियंता आणि रोजंदारीवरील मदतनीस यांच्या खिशात फरक असतो. वर्गणीचा आकडा गटातील सर्वांत कमी पगाराच्या सहकाऱ्याला परवडेल असा ठेवावा आणि तो निघण्यापूर्वीच जाहीर करावा. माणशी ४०० रुपये धरल्यास आठ जणांचे ३,२०० रुपये होतात. ३,००० रुपयांच्या खाण्यावर ५ टक्के दराने १५० रुपये वस्तू व सेवा कर आला, तरी ५० रुपये उरतात. मद्य आणि महागडी मासळी यांचा खर्च ज्याचा त्याने करावा.

बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक आहे का, हे पाहण्याची सवय लावावी. कंपोझिशन योजनेतील व्यावसायिकाला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी आकारता येत नाही. सेवा शुल्काची सक्ती करता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली.

कोणी वगळले जाऊ नये

सोमवार किंवा गुरुवारचा उपवास, संकष्टी, श्रावण, रमजान हे सारे पाहूनच दिवस निवडावा. प्रत्येक थांब्यावर शाकाहारी सहकाऱ्याला पोटभर खाता येईल असा किमान एक पदार्थ हवा. केवळ पापड आणि कोशिंबिरीवर त्याची बोळवण होऊ नये. शेंगदाणे किंवा कोळंबीची ॲलर्जी कोणाला आहे का, हेही आधीच विचारावे. कोणाच्या ताटात काय आहे यावरून थट्टा करायची नाही, हा फेरीचा पहिला नियम असावा.

या नियमाला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. याच जिल्ह्यातील महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह झाला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि तेथील चहा ते स्वतः घेत. कोणाच्या हातचे खावे-प्यावे आणि कोणासोबत बसावे, हा महाराष्ट्रात कधीच केवळ चवीचा विषय नव्हता.

एका दिवसाच्या फेरीने कारखान्यातील उतरंड मोडणार नाही. पण रविवारी एकाच प्लेटमधील मिसळ वाटून खाल्लेले दोघे सोमवारी डबे घेऊन वेगवेगळ्या टेबलांवर बसण्यापूर्वी क्षणभर तरी थबकतील. नियोजनाचा एवढा खटाटोप त्यासाठी करण्यास हरकत नाही.