झुडपात आधी कोण शिरणार?

टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला ‘टी-१ सी-१’ हा तरुण वाघ २०१९ च्या उन्हाळ्याअखेरीस नव्या मुलखाच्या शोधात निघाला. यवतमाळ, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला अशी पायपीट करीत तो वर्षअखेरीस बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा होता म्हणून ही चाल मोजता आली. एप्रिल २०२० मध्ये पट्टा काढला तेव्हा ती तीन हजार किलोमीटरच्या घरात गेली होती. वाटेत कापसाची व तुरीची शेते, कालवे, रस्ते, वस्त्या सारे आले. तरीही माणसाशी त्याची गाठ वाईट पडली ती एकदाच. तो ज्या झुडपात विसावला होता त्यात काही जण शिरले आणि त्यांतील एक जखमी झाला.

वाघ किंवा बिबट्या आल्याची वार्ता उठली की गावोगावी जे घडते ते सर्वांच्या परिचयाचे आहे. काठ्या, कुऱ्हाडी आणि मोबाइल घेऊन माणसे जमतात, आरडाओरडा होतो आणि कोणीतरी एक जण पुढे होतो. तो पुढे का झाला, त्याला काय ठाऊक आहे, जनावर उलटले तर तो काय करील, हे कोणी विचारत नाही. धाडस हीच त्याची पात्रता ठरते.

हाच प्रश्न आफ्रिकेत व्यवसायाचा भाग झाला आहे. तेथील काही देशांत परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन शिकारीची परवानगी मिळते. रानरेडा, सिंह, बिबट्या, हत्ती अशा जनावरांमागे धनुष्यबाण घेऊन जाणारेही त्यांत असतात. या शिकारीची नैतिकता हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. केनियाने १९७७ पासून शिकारीवर बंदी घातली, तर बोट्स्वानाने २०१४ मध्ये घातलेली बंदी २०१९ मध्ये उठवली. हिंगोलीचा वाचक तिकडे धनुष्य घेऊन निघण्याची शक्यताही फार नाही. मात्र सोबतचा वाटाड्या कसा निवडावा याविषयी त्या व्यवसायात जे शहाणपण साठले आहे, ते पैनगंगेच्या काठीही उपयोगी पडावे असे आहे.

त्यासाठी आधी बाणाचे गणित समजून घ्यावे लागते. जड बंदुकीची गोळी धक्क्यानेही जनावराला जागीच खिळवू शकते. बाणात तो धक्का नसतो. त्याचे पाते हृदय वा फुप्फुस चिरते आणि जनावर रक्तस्रावाने मरते. त्याला वेळ लागतो. नेम अचूक असला तरी जनावर बरेच अंतर धावून जाते. नेम बोटभर चुकला, बरगडी आडवी आली, तर ते तासन्‌तास जिवंत राहते आणि दाट झुडपात दबा धरून बसते. शिवाय बाणासाठी जनावराच्या वीस-तीस मीटर जवळ जावे लागते. नामिबियाने धनुष्यबाणाच्या शिकारीला मान्यता दिली, पण हत्ती, सिंह, बिबट्या, रानरेडा आणि गेंडा यांना त्यातून वगळले, त्यामागचे कारण हेच. जेथे परवानगी असते तेथे पाहुण्याच्या हाती धनुष्य आणि शेजारच्या वाटाड्याच्या हाती .३७५ किंवा त्याहून मोठ्या बोअरची बंदूक, अशी जोडी असते. म्हणजे पाहुणा बाण सोडून मोकळा होतो. पुढचे सारे वाटाड्याच्या अंगावर येते: किती वेळ थांबायचे, रक्ताचा माग कसा काढायचा, झुडपात कोणी शिरायचे, गोळी कधी झाडायची.

असा वाटाड्या तयार करण्याची झिंबाब्वेची रीत कडक मानली जाते. कायदा, प्राण्यांच्या सवयी, शस्त्रे अशा विषयांची लेखी परीक्षा आधी, मग शिकाऊ परवाना, मग अनुभवी शिकाऱ्याच्या हाताखाली किमान दोन वर्षांची उमेदवारी, जी प्रत्यक्षात बहुधा त्याहून लांबते, नेमबाजीची चाचणी, आणि शेवटी परीक्षकांसमक्ष रानात राहून द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा. दक्षिण आफ्रिकेत हेच प्रशिक्षण दहा दिवसांच्या आसपासच्या अभ्यासक्रमात उरकता येते. दोघांच्याही खिशात ‘व्यावसायिक शिकारी’ असा परवाना असतो. कागद पाहून निवड करणारा येथेच फसतो.

आकड्यांनीही फसगत होते. दक्षिण आफ्रिकेत मारल्या गेलेल्या सिंहांपैकी बहुसंख्य कुंपणाआड पाळून वाढवलेले असत. हा उद्योग बंद करावा अशी शिफारस तेथील सरकारच्या उच्चस्तरीय समितीने २०२१ मध्ये केली. अशा ठिकाणी शंभर शिकारींना सोबत केलेल्या माणसाने मोकळ्या रानातल्या सिंहाचा माग एकदाही काढलेला नसू शकतो. म्हणून जाणकार ‘किती’ यापेक्षा ‘कोठे आणि कशाने’ हे विचारतात. जनावर मोकळे होते की कोंडलेले? पाहुण्याकडे बंदूक होती की धनुष्य? बाणानंतर किती वेळा वाटाड्याला स्वतः गोळी झाडावी लागली? या शेवटच्या प्रश्नाला ‘कधीच नाही’ असे उत्तर देणारा एकतर फार नवखा असतो किंवा खरे सांगत नसतो.

आणखी एक प्रश्न साधा आहे, पण तोच विसरला जातो. पैसे घेणारी कंपनी एक असते आणि रानात सोबत येणारा माणूस दुसरा. जाहिरातीत नाव नामांकित शिकाऱ्याचे आणि सकाळी जीपपाशी उभा त्याचा मदतनीस, असे होऊ शकते. म्हणून करारात कंपनीबरोबर प्रत्यक्ष येणाऱ्या माणसाचेही नाव लिहून घ्यावे, आणि ज्यांना शिकार न मिळता परतावे लागले अशा जुन्या गिऱ्हाइकांशी बोलावे, असा सल्ला दिला जातो. रिकाम्या हाताने परतलेला माणूस वाटाड्याविषयी अधिक खरे बोलतो. वारा फिरला म्हणून, उजेड कमी झाला म्हणून, जनावर तिरके उभे होते म्हणून किती वेळा ‘नको’ म्हटले, हे त्याच्याकडूनच कळते.

‘नको’ न म्हटले गेल्यास काय होते, हे जुलै २०१५ मध्ये जगाने पाहिले. झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर ‘सेसिल’ नावाच्या सिंहावर एका अमेरिकी दंतवैद्याने रात्री बाण सोडला. सिंहाच्या गळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा पट्टा होता. तो जखमी झाला, पण मेला नाही. संशोधकांनी नंतर पट्ट्यावरील नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार, त्याला ठार करेपर्यंत मधे दहा-बारा तास गेले. दंतवैद्याने या शिकारीसाठी सुमारे पन्नास हजार डॉलर मोजल्याचे सांगितले गेले. त्याची कागदपत्रे नियमानुसार होती असे म्हणून झिंबाब्वे सरकारने त्याच्यावर कारवाई केली नाही. न्यायालयात उभा राहिला तो स्थानिक वाटाड्या. त्याच्यावरील आरोपही नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झाले. तरी कायद्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर असते ते यातून स्पष्ट होते. जमीन कोणाची, परवाना कोणत्या हद्दीचा, कोटा शिल्लक आहे का, हे पाहुण्याला कळत नाही. ते वाटाड्याने पाहायचे असते.

महाराष्ट्राला हा धंदा अगदीच अपरिचित नाही. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी येण्यापूर्वी नागपूरच्या ‘ऑलविन कूपर’सारख्या कंपन्या परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या जंगलात नेत असत. पाहुणा मचाणावर बसे. माग काढणे, रान उठवणे, जखमी जनावराचा शोध घेणे ही कामे परिसरातील माणसे करीत. छायाचित्रात ती कडेला उभी दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सारे संपले आणि ते योग्यच झाले. मात्र त्या माणसांबरोबर माग काढण्याची विद्याही विरत गेली, याची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

तिची उणीव भासली ती २०१८ मध्ये, हिंगोलीला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात. पांढरकवडा-राळेगाव परिसरात १३ माणसांच्या मृत्यूशी जोडली गेलेली वाघीण ‘टी-१’, म्हणजेच अवनी, हिला पकडण्यासाठी शंभराहून अधिक कॅमेरे, ड्रोन, हत्ती, इटालियन जातीचे कुत्रे आणि अत्तरसुद्धा आणले गेले. (हिंगोलीतून गेलेल्या वाघाची आई टिपेश्वरची टी-१. ती वेगळी, क्रमांकामुळे अनेकांची गल्लत होते.) मोहिमेसाठी आणलेल्या एका हत्तीने साखळी तोडून एका महिलेचा बळी घेतला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये वन विभागाच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला होता. हैदराबादचे शिकारी शफात अली खान यांना पाचारण करण्यात आले. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ वाघीण मारली गेली, तेव्हा गोळी झाडली ती त्यांच्या मुलाने. वडील त्या वेळी तेथे नव्हते. वाघीण चालून आल्याने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पथकाचे म्हणणे होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीने मात्र त्यावर प्रश्नचिन्ह लावले आणि बेशुद्धीचे इंजेक्शन देण्याच्या मोहिमेत पशुवैद्यकच सोबत नसल्याबद्दल आक्षेप नोंदवला. वाघीण मारावी की नाही यावर राज्यभर चर्चा झाली. त्या रात्री त्या गाडीत नेमके कोण असायला हवे होते, यावर मात्र फार कमी.

कायदा या बाबतीत अर्धवट बोलतो. कलम ११ नुसार, माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या वाघ-बिबट्यासारख्या प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे शक्य नाही अशी खात्री झाल्यावरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत अशा वेळी सरकारी यंत्रणेतील निपुण माणसाला प्राधान्य आहे. बाहेरचा तज्ज्ञ त्यानंतर. परवानगी कोणी द्यायची हे कायद्याने ठरवले, पण माग कोणी काढायचा, त्याची परीक्षा कोणी घ्यायची, यावर कलम गप्प आहे. दक्षिण आफ्रिकेत लुई लिबेनबर्ग या संशोधकाने १९९० च्या दशकात ‘सायबरट्रॅकर’च्या माध्यमातून नेमके हेच काम सुरू केले. परीक्षक उमेदवाराला रानात नेतो, ठसे दाखवतो आणि विचारतो: कोणाचा, नर की मादी, चालत होता की पळत? लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही अशा परीक्षेतून प्रमाणपत्र मिळते आणि त्याच्या जोरावर नोकरीही.

हिंगोलीत हा विषय केवळ वाघापुरता नाही. कळमनुरी, सेनगाव, औंढा भागात रानडुक्कर आणि रोही यांचा पिकांना होणारा उपद्रव ही शेतकऱ्यांची कायमची तक्रार आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या या दोन प्राण्यांना वन विभागाच्या लेखी परवानगीने मारण्याची तरतूद राज्यात आहे. परवानगी मिळाली की बंदूकवाला शोधला जातो, आणि येथेही निवड होते ती बहुधा शस्त्र कोणाकडे आहे यावर. जखमी होऊन हळदीच्या किंवा उसाच्या फडात शिरलेले डुक्कर माणसाची मांडी फाडू शकते. बंदूकवाला गोळी झाडून बांधावर थांबतो आणि फडात शिरतो तो शेतकरी किंवा त्याचा सालगडी.

परवानगी घेणाऱ्या शेतकऱ्याने म्हणूनच आधी ठरवून घ्यावे: जनावर जखमी झाले तर मागे कोण जाणार, किती वेळ थांबून जाणार, अंधार पडल्यास काय? उत्तर देताना जो घाई करतो त्याला नेऊ नये. बिबट्या वा वाघ असेल तर हा प्रश्नच उरत नाही. फडाच्या चारही बाजूंनी माणसे उभी न करता जनावराला निसटायला एक बाजू मोकळी ठेवावी, मुले व गुरे आत घ्यावीत आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पथक येईपर्यंत तुरीत वाघ दिसला, असे ओरडणारा पोरगा आणि त्याच्यामागे धावणारी गर्दी, यांना बांधावरच थांबवणारा एखादा म्हातारा गुराखी बहुतेक गावांत अजून असतो. त्याला बोलावून घ्यावे.