विजेच्या गाडींतील कन्व्हर्टर



विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आणि तीनचाकी रिक्षा आतां गांवोगांवच्या रस्त्यांवर दिसूं लागल्या आहेत. इंजिनाच्या गाड्यांस जेथें मज्जाव आहे, त्या माथेरानांतहि २०२२ च्या डिसेंबरांत विजेच्या रिक्षा प्रयोगादाखल धांवल्या. ह्या गाड्यांच्या मोटरीविषयीं पुष्कळ बोललें जातें. परंतु त्यांच्या आंत हाताच्या पंजाएवढी एक पेटी असते, तिची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. कारागीर तिला कन्व्हर्टर म्हणतात. ही पेटी न लावतां काम भागविलें किंवा भलतीच लावली, तर अंधाऱ्या रस्त्यावर गाडीचा दिवा जातो, अथवा कर्ज काढून घेतलेल्या बॅटऱ्या अकालीं निकामी होतात. म्हणून तिचें कार्य समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम तिची गरज कां पडते तें पाहूं. विजेची शक्ति म्हणजे दाब आणि प्रवाह ह्यांचा गुणाकार. दाब व्होल्टांत मोजतात, प्रवाह अँपिअरांत आणि शक्ति वॅटांत. मोटरीला १००० वॅट द्यावयाचे असतील, तर १२ व्होल्टांवर सुमारें ८३ अँपिअर प्रवाह लागेल व त्यासाठीं फार जाड तारा घालाव्या लागतील. ४८ व्होल्टांवर तेंच काम २१ अँपिअरांत भागतें. म्हणून साध्या विजेच्या रिक्षेंत १२ व्होल्टांच्या चार बॅटऱ्या एकीपुढें एक जोडून ४८ व्होल्ट करतात. कित्येक स्कूटरांत ६० किंवा ७२ व्होल्टहि असतात. परंतु दिवे, भोंगा वगैरे सामान मोटारगाड्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणें बहुधा १२ व्होल्टांचेंच असतें. तें ४८ व्होल्टांवर जोडलें, तर तत्काळ जळून जाईल.

येथें एक सोपी युक्ति पुष्कळांस सुचते. चार बॅटऱ्यांपैकीं एकीवरूनच दिवे व भोंगा चालवावा! युक्ति स्वस्त दिसते, पण परिणामीं महाग पडते. मोटरीसाठीं चारी बॅटऱ्या सारख्याच खर्च होतात. मात्र दिव्यांचा भार एकटीवर पडल्यानें ती अधिक रिती होते. चार्जर चौघींच्या एकूण दाबाकडे पाहतो. त्यामुळें ती एक नेहमीं अर्धपोटी राहते व उरलेल्या तिघी प्रमाणाबाहेर भरल्या जातात. शिशाची बॅटरी अर्धपोटी राहिली, कीं तिच्या पत्र्यांवर सल्फेटाचा कठीण थर धरतो. बैलजोडींतला एक बैल लंगडला म्हणजे दुसऱ्याच्या बळाचा जसा उपयोग होत नाहीं, तसेंच येथें घडतें. एक बॅटरी खचली कीं चौघींचें काम थांबतें.

दुसरी युक्ति म्हणजे वाटेंत रोधक घालून दाब कमी करणें. दिव्यांना १२ व्होल्टांवर ३ अँपिअर लागतात असें धरूं. दिव्यांत ३६ वॅट खर्च होतील. परंतु रोधकांत उरलेले ३६ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, म्हणजे १०८ वॅट, नुसत्या उष्णतेंत जातील. चार रुपयांतले तीन रुपये वाटेंतच जाळण्यासारखें हें आहे.

कन्व्हर्टर ह्याहून निराळ्या रीतीनें काम करतो. त्याच्यांत एक इलेक्ट्रॉनिक कळ असते. ती एका सेकंदांत हजारों, कित्येकदां लाखोंहि वेळां लागते व सुटते. एकूण वेळाच्या चौथ्या हिश्शापुरती ती लागलेली राहिली, तर ४८ व्होल्टांची सरासरी १२ होते. पण असले तुटक झटके दिव्यांना कसे चालतील? कुंभाराचें चाक आपण पाहिलेंच असेल. कुंभार काठीनें तें मधून मधून फिरवितो, परंतु आपल्या वजनामुळें चाक संथपणें फिरत राहतें. कन्व्हर्टरांतील तारेचें वेटोळें ह्या चाकाप्रमाणें प्रवाह अखंड ठेवतें, आणि उरलासुरला चढउतार कपॅसिटर मोडून काढतो. बॅटरीचा दाब उतरूं लागला, तर कळ थोडी अधिक वेळ लागलेली राहते व दिवा मंद होत नाहीं. चांगल्या यंत्रांत नुकसान सुमारें दहावा हिस्सा असतें. म्हणजे वरच्या ३६ वॅटांसाठीं बॅटऱ्यांवर अवघा ४० वॅटांचा भार पडतो, आणि तो चौघींवर सारखा वांटला जातो.

आतां तो घेतांना व लावतांना काय पाहावें? भरलेल्या बॅटरीचा दाब नांवापेक्षां अधिक असतो. ४८ व्होल्टांची म्हणून मिळणारी तेरा घरांची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट दाखविते. वीस घरांची, ७२ व्होल्टांची, ८४ दाखविते. हा वरचा दाब सोसणारा कन्व्हर्टर निवडावा. दिवे, भोंगा व इतर सामान ह्यांच्या वॅटांची बेरीज करून तिच्या निदान दीडपट शक्तीचा घ्यावा. त्याच्या आंत येणाऱ्या दोन तारा चारी बॅटऱ्यांच्या दोन टोकांसच जोडाव्या. धन तारेंत बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज घालावा, म्हणजे पुढें तार घासून उघडी पडली तरी आग लागणार नाहीं. ही तार गाडीच्या किल्लीवरून न्यावी. नाहीं तर गाडी उभी असतांहि यंत्र थोडथोडा प्रवाह पीत राहतें. पेटी पावसाच्या पाण्यापासून दूर, पण वारा लागेल अशा जागीं, धातूच्या सांगाड्यावर घट्ट बसवावी.

रिक्षा चालविणाऱ्या गरिबाचें भांडवल त्याच्या बॅटऱ्यांतच सांठविलेलें असतें. कन्व्हर्टराचे थोडे पैसे वांचविण्यासाठीं तें भांडवल धोक्यांत घालणें शहाणपणाचें नाहीं. गाडी दुरुस्तीस दिली असतां, दिवे कोठून जोडले आहेत, एवढा एक प्रश्न मालकानें अवश्य विचारावा.